परवानगी देणाऱ्याचा वाटा

जमिनीचा वापर बदलायचा असेल तर महाराष्ट्रात आधी नोटीस प्रसिद्ध करावी लागते. अमुक सर्व्हे नंबरची इतकी जागा शेती विभागातून वगळून वाणिज्य विभागात समाविष्ट करण्याचे प्रस्तावित आहे, नकाशा कार्यालयात पाहायला मिळेल, हरकती व सूचना एका महिन्याच्या आत लेखी द्याव्यात. विकास आराखडा असलेल्या गावा-शहरांसाठी ही रीत महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ ने घालून दिली आहे. त्याच कलमात आणखी एक अट आहे. प्रस्तावित बदलाने जे बाधित होतील त्या सर्वांना नोटीस द्यायची आणि त्यांचे म्हणणे ऐकून घ्यायचे.

बाधित म्हणजे कोण? शेजारच्या शेताचा मालक सापडतो, त्याचे नाव सातबाऱ्यावर असते. ज्याच्या घरासमोर कंटेनर उभे राहतील तोही सापडतो. पण त्या जागेवर गाळे उभे राहिल्यानंतर तिसऱ्या की चौथ्या वर्षी, पावसाळी संध्याकाळी, तेल-मीठ घेऊन महामार्ग ओलांडताना जो ट्रेलरखाली येईल, त्याला नोटीस कोणत्या पत्त्यावर धाडायची? तो कोण हे कोणालाच ठाऊक नाही. त्यालाही नाही. तो कदाचित आज आठवीत शिकत असेल, किंवा आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेला असेल. तो सुनावणीला येणार नाही, हरकत नोंदवणार नाही. आणि त्या ठरावाने सर्वात जास्त बाधित होणारा माणूस तोच आहे.

ज्याचे नाव अजून कोणाला माहीत नाही अशा माणसाच्या मृत्यूचा काही वाटा आज सही करणाऱ्याकडे जातो का? प्रश्न नगररचना खात्याचा दिसतो, पण तो मुळात धर्माचा आहे. या देशातल्या धर्मपरंपरांनी त्याचा फार बारकाईने विचार केला आहे. आजच्या नियमावल्या अजून तिथवर पोहोचलेल्या नाहीत.

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात तरी हा प्रश्न पुस्तकातला नाही. भातसानगर ही भातसा धरणाच्या आधाराने वसलेली वसाहत. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांची मिळून साठवण १४,४७,३६३ दशलक्ष लिटर धरली जाते, त्यातली ७,१७,०३७ दशलक्ष लिटर एकट्या भातसाची. तानसाही याच तालुक्यातला. पाणी मुंबईला जाते, आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. रस्त्यांचेही तसेच झाले आहे. मुंबई-नाशिक महामार्गाचा वडपे ते गोंदे हा सुमारे शंभर किलोमीटरचा टप्पा चौपदरी झाला आणि वाशिंद, आसनगाव, शहापूर, आटगाव, खर्डी या गावांमधून ट्रकांची अखंड रांग वाहू लागली. मग समृद्धी महामार्ग आला. इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. याच तालुक्यातल्या सरळांबे इथे १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे पुलाचे गर्डर चढवणारी यंत्रणा कोसळून वीस कामगार मेले होते. तालुक्याने या रस्त्यासाठी जमीन दिली आणि परमुलखातल्या मजुरांनी त्याच्या मातीत जीव दिला.

रस्ता आला की जमिनीची किंमत गुंठ्यात सांगितली जाऊ लागते. भिवंडीची गोदामे पडघ्याच्या पुढे सरकत आहेत. भाताच्या खाचराला धाबा, पेट्रोल पंप, लॉन, गाळे, मालाचे आगार असे भविष्य दिसू लागते. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही गावांत २०१५ पासून नगरपंचायती आहेत, तेव्हा वाणिज्य वापराच्या मागण्या आता तिथल्या सभागृहांतही येणार. त्या हद्दीबाहेर, प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात, निर्णय जिल्ह्याच्या आणि मंत्रालयाच्या पातळीवर होतो. इथे एक गोष्ट बारकाईने पाहण्यासारखी आहे. १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, म्हणून तिथल्या गावांना पेसा कायद्याने ग्रामसभेचे अधिकार मिळाले. पण तो कायदा पंचायतींपुरता आहे. गाव नगरपंचायत झाले की ग्रामसभा जाते, आणि पाड्यावरच्या बाईला उभे राहून बोलायची जी एक जागा होती, ती सतरा सदस्यांच्या सभागृहात रूपांतरित होते.

या रस्त्यांवर चालते कोण, हे अर्जासोबतच्या नकाशावर कधी दिसत नाही. तिथे गाड्या मोजलेल्या असतात, माणसे मोजलेली नसतात. कातकरी, ठाकूर, वारली, महादेव कोळी यांच्या वाड्या-पाड्यांवरून स्टेशनकडे, बाजाराकडे, आश्रमशाळेकडे पायीच जावे लागते. कसारा लोकल पकडायला पहाटे निघालेली माणसे अंधारात महामार्ग ओलांडतात. मुंबईहून शिर्डीला जाणाऱ्या साईभक्तांच्या पालख्या याच महामार्गाच्या कडेने कसारा घाट चढतात. मुरबाडकडे, म्हसाच्या यात्रेला पौष पौर्णिमेच्या सुमारास बैल, बैलगाड्या आणि हजारो माणसे रस्त्यावर येतात. आणि आसनगावजवळच्या मानस मंदिराकडे येणारे, तिथून पुढे निघणारे जैन साधू-साध्वी अनवाणी चालत असतात.

जैन साधूंचा उल्लेख इथे मुद्दाम केला आहे. चातुर्मासाचे चार महिने सोडले तर ते एका जागी राहत नाहीत, वाहनात बसत नाहीत. चालणे हेच त्यांचे व्रत. त्या चालण्याला नियम आहे, त्याला ईर्यासमिती म्हणतात. पुढची सुमारे चार हात जमीन पाहत, हळू, बोलण्यात मन न गुंतवता पाऊल टाकायचे, म्हणजे पायाखाली मुंगीही सापडणार नाही. जगातल्या कुठल्याही वाहतूक नियमापेक्षा हा नियम जुना आणि कडक असेल. आणि तो पाळणारी माणसे महाराष्ट्र-गुजरातच्या महामार्गांवर गाड्यांखाली सापडून मरतात. अशा बातम्या अधूनमधून येतच असतात. जो दुसऱ्याच्या जिवासाठी चार हात पाहून चालतो, त्याच्यासाठी रस्ता आखणाऱ्याने किती पाहिले?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला त्याच परंपरेचा ग्रंथ उपयोगी पडतो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या आहे. प्राण घेणे एवढ्यावर ती थांबत नाही. प्रमादाच्या योगाने प्राण जाणे ही हिंसा, असे तिथे म्हटले आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा, लक्ष न देणे, पर्वा न करणे. मारण्याचा हेतू असण्याची गरज नाही. आचार्य कुंदकुंद प्रवचनसारात याच्याही पुढे जातात. जीव मरो वा जगो, जो बेफिकीरपणे वागतो त्याच्याकडून हिंसा झालीच. आणि जो पूर्ण काळजी घेऊन चालतो, त्याच्या पावलाखाली नकळत एखादा जीव गेला तरी त्याला त्या हिंसेचे बंधन नाही.

ही व्याख्या नगरपंचायतीच्या सभागृहात आणून पाहावी. महामार्गाला लागून बाजारगाळ्यांना परवानगी दिली. पलीकडच्या बाजूला वस्ती आहे हे नकाशावर दिसत होते. दुभाजक फोडून लोक वाट करतील हे दहा वर्षांच्या अनुभवाने माहीत होते. सर्व्हिस रोड नव्हता, अंडरपास दोन किलोमीटरवर होता. पुढे तीन वर्षे कोणी मेले नाही. कुंदकुंदांच्या मापाने, हिंसा परवानगीच्या दिवशीच घडली. सुदैवाने कोणी मेले नाही म्हणून परवानगी देणारा निर्दोष ठरत नाही. उलट, अंडरपास बांधून, दिवे लावून, वळणे नीट आखून, सगळी खबरदारी घेऊनही अपघात झाला, तर त्याच्याकडे बोट दाखवता येत नाही. आपल्या कायद्याची रीत नेमकी उलटी आहे. तो मृतदेह मोजतो आणि तिथून मागे येतो.

ब्लॅक स्पॉटची व्याख्या पाहावी. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या निकषानुसार राष्ट्रीय महामार्गावरच्या सुमारे पाचशे मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर इजेचे पाच अपघात झाले, किंवा दहा माणसे मेली, की तो ब्लॅक स्पॉट. मग तिथे सुधारणेचा प्रस्ताव, मग निधी. अभियंत्यांना मोजमाप लागते आणि निधी कुठे आधी द्यायचा हे ठरवावे लागते, हे खरेच आहे. पण एखाद्या जागेचा धोका सिद्ध व्हायला जिवंत माणसांना साक्षीदार म्हणून मरावे लागत असेल, तर धोका ओळखण्याची ती रीत अपुरी आहे. जागेचा वापर बदलतानाच तो धोका ओळखता येतो. तिथे माणसे येणार, गाड्या थांबणार, मालवाहने वळणार, आणि बाजूने ऐंशीच्या वेगाने वाहतूक धावणार, एवढे तर अर्जातच लिहिलेले असते. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. चाळीसच्या वेगाला कदाचित हाडे मोडून वाचला असता तो माणूस ऐंशीच्या वेगाला वाचत नाही. हे कळायला तीन वर्षांची आकडेवारी लागत नाही.

पतंजलींच्या योगसूत्रांत हिंसेचे तीन प्रकार सांगितले आहेत. स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि अनुमोदिलेली. तिचे मूळ लोभात, क्रोधात किंवा मोहात असते आणि ती सौम्य, मध्यम किंवा तीव्र असू शकते. जैन परंपराही हेच तीन मार्ग मोजते. म्हणजे ट्रेलरचा चालक पहिला. त्याला चौदा तासांची ड्युटी लावणारा मालक दुसरा. आणि जिथे थांबायला, वळायला, ओलांडायला सुरक्षित सोय नाही तिथे बाजार भरवायला संमती देणारा तिसरा. पोलिसांच्या एफआयआरमध्ये फक्त पहिल्याचे नाव येते. नगरपंचायतीच्या ठरावाखाली मात्र सूचकाचे नाव असते, अनुमोदकाचे असते, आणि बहुमताने की एकमताने तेही लिहिलेले असते.

राजाने प्रजेचे रक्षण केले नाही तर प्रजेच्या पापाचा वाटा त्याच्याकडे येतो, ही कल्पना महाभारताच्या शांतिपर्वात पुन्हा पुन्हा येते. राजे गेले, पण रक्षणाचे काम सभागृहांकडे आले. तो वाटा मध्येच कुठे नाहीसा झाला, असे मानायला आधार नाही.

इथे एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो श्रद्धेच्या भाषेत येतो. त्याची वेळ भरली होती. प्रारब्धात होते. घाटात टेम्पो उलटला की गावातली वडीलधारी माणसे हेच म्हणतात, आणि ज्या घरात प्रेत आणलेले असते त्या घराला त्या बोलण्याचा आधार असतो. त्या आईला दुसरे काय सांगणार? पण तेच बोलणे सही करणाऱ्याच्या तोंडी आले की त्याचा अर्थ पालटतो. शोक करणाऱ्याला ते दुःख सोसायला बळ देते, आणि जबाबदार माणसाला ते जबाबदारीतून मोकळे करते. कर्मसिद्धान्त मांडणाऱ्या परंपरांनी तो असा वापरलेला नाही. त्यांचा सगळा भर आज करायच्या कर्मावर आहे. बुद्धांनी महापरिनिर्वाणापूर्वी भिक्खूंना केलेला शेवटचा उपदेशही अप्रमादाचा होता.

शिवाय आकडे प्रारब्धासारखे वागत नाहीत. २०१९ मध्ये देशात रस्त्यावर दीड लाखावर माणसे मेली. २०२१ मध्येही दीड लाखावर. २०२२ मध्ये १,६८,४९१, त्यांत ३२,८२५ पादचारी. महाराष्ट्रात त्या एका वर्षात १५,२२४. कोण मरणार हे कोणी सांगू शकत नाही. साधारण किती मरतील, हे मात्र सांगता येते, आणि कुठे मरतील हेही बऱ्याच अंशी सांगता येते. ज्याचा अंदाज आगाऊ बांधता येतो त्याला दैवाघात म्हणणे सत्याला धरून नाही. नाव माहीत नसणे हा अज्ञानाचा फार लहान भाग आहे. मरणारा माणूस कोण हे कळले नाही तरी तो मरणार आहे हे कळलेले असते. धर्माच्या दृष्टीने तेवढे ज्ञान पुरेसे आहे.

कागदावर जागेचे वर्गीकरण बदलले की धोका बदलतो का, याचा एक प्रयोग महाराष्ट्राने २०१७ मध्ये पाहिला. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत दारूची विक्री बंद करण्याचा आदेश दिला. १ एप्रिल २०१७ पासून तो लागू व्हायचा होता. कारण स्पष्ट होते, दारू पिऊन चालवलेल्या गाड्यांचे अपघात. आदेश लागू होण्याच्या आदल्याच दिवशी न्यायालयाने वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या ठिकाणांसाठी हे अंतर २२० मीटरवर आणले. त्याच सुमारास जळगाव, लातूर, यवतमाळ या शहरांतून जाणारे काही राज्यमार्ग स्थानिक संस्थांकडे वर्ग करण्यात आले. रस्ता शहराचा झाला, म्हणून अंतराची अट उरली नाही. रस्ता तोच, दुकान तेच, वळण तेच. जुलै २०१७ मध्ये न्यायालयानेही स्पष्ट केले की आदेश नगरपालिका हद्दीतल्या दुकानांना लागू नाही. वेगाने दूर जाणाऱ्या वाहतुकीसाठी तो होता, शहरातली वाहतूक वेगळी असते, असा त्यामागचा विचार. त्या विचारात तथ्य आहे. पण जळगावात राष्ट्रीय महामार्गावरच्या मृत्यूंमुळे समांतर रस्त्यांसाठी नागरिकांना वर्षानुवर्षे आंदोलन करावे लागले, हेही तितकेच खरे आहे. दुकानांची अडचण काही आठवड्यांत सुटली. चालणाऱ्यांच्या मागणीला अनेक वर्षे थांबावे लागले. कोणाची अडचण प्रशासनाला तातडीची वाटते, हे या दोन कालावधींतल्या फरकावरून कळते.

याहून मोठे आणि दुःखद उदाहरण मुंबईचे आहे. आणि ते शहापूरकरांना परके नाही, कारण परळ-लोअर परळच्या कार्यालयांत, मॉलांत, इमारतींच्या देखभालीच्या कामांत कसारा लाइनवरून जाणारी माणसे आहेतच. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. संपानंतर गिरण्या उभ्या राहिल्या नाहीत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. गिरणीची जमीन विकसित करायची असेल तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ मध्ये तो नियम बदलला. वाटणी सगळ्या जमिनीची न होता, फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची, असे ठरले. महापालिकेच्या आणि म्हाडाच्या वाट्याला जाणारी जागा फार आक्रसली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये हा बदल अडवला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २००६ रोजी तो कायम ठेवला.

या सगळ्या प्रवासात बेकायदा काही नाही. प्रत्येक टप्प्याला सही आहे, कारण आहे, युक्तिवाद आहे. गिरण्यांच्या चिमण्यांच्या जागी काचेच्या कार्यालयांचे मनोरे उभे राहिले, तिथे रोज लाखो माणसे कामाला येऊ लागली. ती ज्या स्थानकांवर उतरत होती ती स्थानके गिरण्यांच्या काळातली होती. एल्फिन्स्टन रोड आणि परळ यांना जोडणारा पादचारी पूल अरुंदच राहिला. नव्या रुंद पुलाची मागणी झाली होती, त्याला मंजुरीही मिळाली होती, पूल मात्र झाला नव्हता. २९ सप्टेंबर २०१७, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमारास पाऊस आला. लोक आडोशाला पुलावर थांबले, मागून गाड्यांतून उतरलेली गर्दी वर येत राहिली. तेवीस माणसे गुदमरून, चिरडून मेली.

रेल्वेच्या चौकशीने पावसाकडे बोट दाखवले. पाऊस तर होताच. मुंबईत सप्टेंबरमध्ये पाऊस पडतोच. पण त्या पुलावर इतकी माणसे का होती, हा प्रश्न विचारला तर मागे मागे जात नियम ५८ पर्यंत पोहोचावे लागते, आणि तिथे कोणी एक दोषी सापडत नाही. ज्याने जमिनीचा वापर बदलला त्याच्या अखत्यारीत पूल नव्हता. ज्याच्या अखत्यारीत पूल होता त्याला जमिनीचा वापर विचारून बदलला नव्हता. घटनेनंतर लष्कराला बोलावले गेले आणि २७ फेब्रुवारी २०१८ ला नवा पूल खुला झाला. पाच महिनेही लागले नाहीत. म्हणजे तो बांधणे शक्य होते.

पतंजलींची तिहेरी विभागणी इथे फार उपयोगी पडते. करणारा कोणीच नाही, करविणारा कोणीच नाही, आणि अनुमोदन देणारे अनेक. वाटा अनेकांत विभागला गेला म्हणून प्रत्येकाचा वाटा शून्य होतो, असे कोणताही धर्म म्हणत नाही. मोह या शब्दात जे येते ते हेच असावे. आपल्या टेबलापुरते पाहणे, पुढच्या टेबलावर काय होईल ते आपले नाही असे मनाला पटवणे. लोभ तरी ओळखता येतो. हा मोह सचोटीच्या माणसालाही गाठतो, म्हणून तो अधिक घातक आहे.

आता दुसरी बाजू, आणि ती दुबळी नाही. शहापूर-मुरबाडमधल्या ज्या शेतकऱ्याने जागेचा वापर बदलून मागितला आहे, त्याच्यावर लोभाचा शिक्का मारणे अन्यायाचे आहे. त्याच्या घरातली काही जमीन धरणात गेली असेल, काही महामार्गात. उरलेल्या दोन-तीन एकरांत पावसाचे एक भातपीक येते. मुलगा बारावी होऊन घरी बसला आहे. रस्त्याकडेला चार गाळे काढले तर घर उभे राहील, आणि गावातल्या पाच-सहा पोरांना कल्याणपर्यंत लोकलला लटकावे लागणार नाही. त्याला नकार देणे हेही निष्पाप कृत्य नाही. नकाराचेही बळी असतात, ते फक्त रस्त्यावर पडलेले दिसत नाहीत. पाड्यावरच्या बाईलाही जवळ दुकान हवेच असते, दवाखाना हवा असतो. ज्यांच्या रक्षणासाठी परवानगी अडवायची त्यांचीच गैरसोय त्या अडवण्याने होऊ शकते.

जैन विचाराने हा पेच ओळखला होता. साधूला जे व्रत संपूर्ण पाळायचे, ते गृहस्थाला जमेल तेवढे. म्हणून गृहस्थासाठी हिंसेचे चार प्रकार पाडले: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. जाणूनबुजून केलेली संकल्पी हिंसा पूर्ण वर्ज्य. शेती, व्यापार, कारागिरी यांत जी अटळपणे होते ती उद्योगी. ती गृहस्थाला टाळता येत नाही, पण कमीत कमी होईल हे पाहणे त्याचे कर्तव्य. बाजार मुळीच नको, असा निष्कर्ष यातून निघत नाही. निष्कर्ष निघतो तो अटळ किती आणि टाळता येण्यासारखे किती, हे आधी मोजण्याचा. अंडरपास नसल्याने गेलेला जीव अटळ या खात्यात बसत नाही. तो टाळता आला असता, खर्च करायचा नव्हता एवढेच.

मग खर्च कोणी करायचा? याचे एक उत्तर मुरबाडच्याच डोंगरात कोरलेले आहे. वैशाखऱ्याहून वर नाणेघाट चढतो. सोपारा आणि कल्याण या बंदरांवरून जुन्नरकडे जाणारा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग तो. राणी नागनिकेचा लेख तिथल्या लेण्यात आहे, त्यात यज्ञांची आणि दानांची लांबलचक यादी आहे. जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजणही लोक पाहून येतात. पण या विषयासाठी त्याहून महत्त्वाचा एक छोटासा लेख आहे. सोपाऱ्याच्या गोविंददास नावाच्या माणसाने तिथे पाण्याची पोढी, म्हणजे कातळात खोदलेले टाके, दान दिल्याची ती नोंद आहे. बंदरातला माणूस घाटमाथ्यावर टाके खोदवतो. ते पाणी प्यायला कोण येईल हे त्याला माहीत नव्हते. ज्यांची नावे माहीत नाहीत, अजून जन्मलेही नसतील, अशा वाटसरूंची तहान त्याने आपल्या दानाच्या हिशेबात धरली.

हे एकट्या गोविंददासाचे औदार्य नव्हते. यज्ञ हे इष्ट, आणि विहिरी, तळी, धर्मशाळा, झाडे हे पूर्त, असे दोन्ही मिळून इष्टापूर्त हा धर्म मानला जाई. ज्याच्या आज्ञालेखांचे तुकडे सोपाऱ्यालाच सापडले, त्या अशोकाने रस्त्याकडेला वड लावल्याचे, विहिरी खोदल्याचे, माणसांसाठी आणि जनावरांसाठी पाणपोया केल्याचे आपल्या लेखांत नोंदवले आहे. कौटिल्याने तर गावा-नगरांतल्या वाटा मोजताना माणसांची आणि लहान जनावरांची वाट वेगळी धरली आणि ती अडवणाऱ्याला दंड सांगितला. रस्त्यावरून धन कमावणाऱ्याने रस्त्यावर चालणाऱ्याचे काही देणे लागते, ही जाणीव या भूमीत दोन हजार वर्षे जुनी आहे. महामार्गालगतच्या गाळ्यांना सर्व्हिस रोडचा आणि ओलांडण्याच्या सोयीचा खर्च लावणे म्हणजे विकासकावर जाचक अट घालणे, असे जे म्हटले जाते, त्यात या परंपरेचा पूर्ण विसर आहे.

कायद्यात आज यासाठी काही आधार आहेत, पण ते सुटे सुटे आहेत. राष्ट्रीय महामार्गाला जोडरस्ता द्यायला केंद्राची वेगळी परवानगी लागते. महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरवर इमारत रेषा आणि ७५ मीटरवर नियंत्रण रेषा आहे. आदिवासींची जमीन बिगर आदिवासीकडे जाताना जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ आडवे येते. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये कलम १९८-अ घातले गेले. रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल यांत सुरक्षेचे मानक न पाळल्याने मृत्यू वा अपंगत्व आले, तर संबंधित यंत्रणा, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे झालेल्या मृत्यूसाठी सहा लाखांची भरपाई ठरवली. जबाबदारीचा धागा असा हळूहळू चालकापासून रस्ता बांधणाऱ्यापर्यंत आला आहे. रस्त्याकडेच्या जमिनीचा वापर बदलून देणाऱ्यापर्यंत तो अजून आलेला नाही.

तो आणता येईल, आणि त्यासाठी विधानसभेची वाट पाहायची गरज नाही. जागेचा वापर बदलण्याचा प्रस्ताव सभेपुढे आला की त्यासोबत चालणाऱ्यांची मोजणी असावी: शाळा सुटण्याच्या वेळेची, पहाटेच्या लोकलच्या वेळेची, बाजाराच्या दिवसाची, पालख्यांच्या आणि म्हसाच्या यात्रेच्या दिवसांतली. सुनावणीत नकाशावरच्या शेजाऱ्यांसोबत पलीकडच्या पाड्यावरच्या दोन बायका, आश्रमशाळेचे मुख्याध्यापक, रिक्षावाले यांना बोलावून ऐकावे, कारण जो अजून बाधित झालेला नाही त्याच्या वतीने बोलू शकतील अशी ही माणसे आहेत. अंडरपास किंवा पादचारी पूल आणि सर्व्हिस रोड वापरात येईपर्यंत गाळ्यांना भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. आणि चालणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी काय पाहिले, काय मागितले, काय नाकारले, हे ठरावात स्वतंत्र परिच्छेदात लिहून त्याखाली सूचक-अनुमोदकांच्या सह्या घ्याव्यात. तीन वर्षांनी तोच परिच्छेद पुन्हा सभेपुढे वाचावा, त्या पाचशे मीटरच्या पट्ट्यातल्या पोलीस नोंदींसह.